‘आ’ आईचा, ‘य’ याडीचा

दिवाळी उरकली की नेवासे तालुक्यातल्या रस्त्यांवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि टायरच्या बैलगाड्या जाऊ लागतात. त्यांत भांडीकुंडी, गोधड्या, ज्वारीची पोती, एखादी शेळी आणि या सगळ्याच्या वर बसलेली मुलं. बीड-जालन्याकडच्या तांड्यांवरून, वाड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कारखान्याच्या आसपास मोकळ्या रानात कोप्या पडतात आणि पुढचे चार-पाच महिने तिथे एक गावच वसतं. त्या गावातली काही मुलं जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत येऊन बसतात.

मी शिक्षक असताना अशीच एक मुलगी पहिलीच्या वर्गात आली. सहा वर्षांची, बंजारा समाजातली. चलाख होती, थोड्याच दिवसांत अक्षरं ओळखू लागली. एकदा मी शब्दकार्ड तिच्यापुढे धरलं. तिनं बोट ठेवत वाचलं, ‘भा-क-री, भाकरी.’ एकही चूक नाही. मी शाबासकी दिली आणि सहज विचारलं, ‘भाकरी म्हणजे काय गं?’ ती गप्प झाली. कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. लाजली असेल, असं मला वाटलं. मधल्या सुट्टीत ती ओट्यावर बसून, सोबत आणलेल्या धाकट्या भावाला फडक्यातली भाकरी तोडून भरवत होती. मी जवळ जाऊन तिच्या हातातल्या तुकड्याकडे बोट दाखवलं. ‘हे काय?’ क्षणाचाही वेळ न घेता ती म्हणाली, ‘बाटी.’

भाकरी तिच्या हातात होती, पोटात होती. कार्डावरचा शब्द मात्र तिच्यासाठी नुसता आवाज होता. आणि मी तिच्या वाचनाला शाबासकी देऊन बसलो होतो.

त्या संध्याकाळी वर्गातल्या मुळाक्षरांच्या तक्त्याकडे मी वेगळ्या नजरेनं पाहिलं. ‘आ’ आईचा. मराठी घरातलं मूल शाळेत येतं आणि तक्त्यावर दुसऱ्याच घरात त्याला आपली आई भेटते. घरचा शब्द भिंतीवर लावलेला आहे, म्हणजे ही जागाही आपलीच आहे, हा दिलासा त्याला कुणी न सांगता मिळतो. बंजारा समाजाच्या गोरबोलीत आईला ‘याडी’ म्हणतात. त्या मुलीला आपल्या आईपर्यंत पोचायचं, तर सगळे स्वर ओलांडून व्यंजनांच्या रांगेत सव्विसाव्या अक्षरापर्यंत जावं लागतं. आणि तिथेही ‘य’ यज्ञाचा किंवा यंत्राचा असतो, याडीचा नसतो.

या लेखात मला एकच गोष्ट सांगायची आहे. मराठीसाठी आपण जो न्याय मागतो, तोच न्याय मराठी शाळेत बसलेल्या आणि घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलाला दिला पाहिजे. घरची भाषा वर्गात आली तर त्याचं मराठी कच्चं राहील, ही भीती चुकीची आहे. ती भाषा उंबऱ्याबाहेर ठेवली जाते म्हणूनच त्याचं मराठी आणि मराठीतून शिकवलं जाणारं सगळंच कच्चं राहतं.

अहिल्यानगर हा क्षेत्रफळानं राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, चौदा तालुक्यांचा. इथे भाषेचा प्रश्न आहे असं कुणाला वाटत नाही. हा सीमाभाग नाही, मुंबई-पुण्यासारखं महानगर नाही. पण कान उघडे ठेवून जिल्हा फिरावा. पश्चिमेला अकोले तालुक्याच्या डांगाणात महादेव कोळी आणि ठाकर मुलांची बोली मराठीच्याच घरातली आहे, तरी पुस्तकातल्या मराठीपासून बरीच लांब आहे. श्रीगोंदे, कर्जत, जामखेड, पारनेर या बाजूला पारधी वस्त्या आहेत. पारध्यांच्या भाषेचं नातं गुजरातीशी. वडार कुटुंबांची घरची भाषा तेलुगूच्या गोतातली, तर कैकाडी द्राविडी कुळातली, तमिळच्या जवळची. पंधराव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीनं वसवलेल्या नगर शहरात दखनी-उर्दू बोलणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांतली काही मुलं उर्दू शाळेत जातात, काही मराठी. आता औद्योगिक वसाहतींच्या आसपास हिंदी, भोजपुरी बोलणारी मुलंही मराठी शाळेच्या पटावर दिसतात. आणि हंगामात उसाच्या फडांवर गोरबोली असतेच.

ही विविधता शाळेच्या कागदावर मात्र उतरत नाही. शाळेच्या नोंदीत आणि दाखल्यावर ‘मातृभाषा’ असा रकाना असतो. जातीचा रकाना आपण कागदपत्रं पाहून, दोनदा तपासून भरतो. मातृभाषेच्या रकान्यात मात्र सवयीनं ‘मराठी’ लिहून पुढे जातो. जे शाळेत, तेच देशात. २०११ च्या जनगणनेत लमाणी किंवा लंबाडी, म्हणजे गोरबोलीच, ही आपली मातृभाषा आहे असं सांगणारे ३२ लाखांहून अधिक लोक होते. पण भाषांच्या अंतिम तक्त्यात ती संख्या हिंदीच्या खात्यात जमा झाली. ज्या भाषेची मोजदादच दुसऱ्याच्या नावावर होते, त्या भाषेसाठी पुस्तक कोण छापणार आणि शिक्षक कोण तयार करणार?

मुलाच्या डोक्यात नेमकं काय घडतं, हे आधी समजून घेतलं पाहिजे. मराठी घरातलं मूल पहिलीत येतं तेव्हा त्याच्याकडे काही हजार बोललेले शब्द तयार असतात. त्याला शिकायची असते ती एकच नवी गोष्ट: ओळखीचा आवाज कागदावर कसा दिसतो. ‘भाकरी’ हा शब्द अक्षरं जोडून वाचला की आवाज कानाला ओळखीचा लागतो आणि डोळ्यांपुढे तवा, चूल, आई असं सगळं उभं राहतं. गोरमाटी, म्हणजे बंजारा मुलीला मात्र दोन कामं एकाच वेळी करावी लागतात, अनोळखी खूण ओळखायची आणि तिच्यामागचा अनोळखी शब्दही शिकायचा. पहिलं काम ती पाठांतरानं पुरं करते. दुसरं राहून जातं, आणि पहिलं जमल्यामुळे दुसरं राहिल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. २०२१ पासून निपुण भारत अभियानात मुलं मिनिटाला किती शब्द वाचतात याकडे आपण बारकाईनं पाहतो आहोत, ते चांगलंच आहे. पण वाचलेल्या शब्दाच्या मागे चूल पेटली की नाही, हे घड्याळ लावून कळत नाही.

दुसरा धोका याहून फसवा आहे. सहा महिन्यांत, वर्षभरात हे मूल मैदानावर मराठी बोलू लागतं. ‘दे की’, ‘माझी पाळी’, ‘गुरुजी, ह्यानं मारलं’. शिक्षक समाधानानं म्हणतो, आता भाषेची अडचण गेली. मग चौथीत गणिताचा पेपर येतो: एका टोपलीत बारा पेरू आहेत, ते तिघांना समान वाटले तर प्रत्येकी किती मिळतील? मूल अडतं. याच मुलानं फडात बापाबरोबर मोळ्या मोजलेल्या असतात, गाडीत किती बसतील याचा अंदाज बांधलेला असतो. त्याला भागाकार येतो. त्याला ‘प्रत्येकी’ येत नाही. ‘पेक्षा’, ‘उर्वरित’, ‘अनुक्रमे’, ‘कारणे द्या’ हे शब्द मैदानावर कुणी बोलत नाही, ते फक्त शाळेत राहतात. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७० च्या दशकापासून स्थलांतरितांच्या मुलांचा अभ्यास करून हाच फरक दाखवून दिला. गप्पांची भाषा साधारण दोन वर्षांत येते; पण ज्या भाषेत विचार मांडायचा, तुलना करायची, कारण सांगायचं, ती यायला पाच ते सात वर्षं लागतात. त्यांनी सांगितलेली दुसरी गोष्ट शिक्षकाला अधिक बळ देणारी आहे. एका भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेत उतरते. ज्याला याडीच्या भाषेत ‘का’ विचारता आणि ‘म्हणून’ सांगता येतं, त्याला मराठीत फक्त शब्द शिकायचे असतात. विचार पुन्हा पहिल्यापासून शिकायचा नसतो.

२०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रानं भाषेवरून एक मोठा वाद पाहिला. १६ एप्रिलच्या शासन निर्णयानं पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा आली, जूनमध्ये तो निर्णय बदलून पुन्हा काढला गेला आणि लोकांच्या विरोधानंतर २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले. त्या विरोधाचा गाभा मला मनापासून पटतो. सहा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर तीन भाषा लादू नयेत. आधी त्याचा पाया त्याच्या भाषेत पक्का होऊ द्यावा. हे आपण सभांत म्हणालो, अग्रलेखांत लिहिलं, वाहिन्यांवर मांडलं. मग त्याच न्यायानं तांड्यावरच्या मुलीकडे पाहू या. तिची पहिली भाषा गोरबोली. शाळेची मराठी ही तिची दुसरी भाषा. आणि २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे ती तिसरी. ज्या ओझ्याच्या नुसत्या शक्यतेनं महाराष्ट्र पेटून उठला, ते ओझं ही मुलं पंचवीस वर्षं मुकाट वाहत आहेत. आपला तो युक्तिवाद खरा होता, तर तो या मुलांच्या बाबतीतही खराच असला पाहिजे.

आणि हा युक्तिवाद या मातीला नवा नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, याच नेवाशात प्रवरेकाठी ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ज्यांना संस्कृत येत नाही त्यांनी आधी संस्कृत शिकून यावं, मग गीता समजून घ्यावी, असं म्हणायचा मार्ग ज्ञानदेवांना मोकळा होता. त्यांनी उलट केलं. ज्ञान ऐकणाऱ्याच्या घरी, त्याच्या भाषेत नेलं. मराठीत एवढा गहन विषय मावेल का, ही शंका त्या काळीही असणारच, आणि तिला उत्तर म्हणून नऊ हजार ओव्या उभ्या आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण सगळ्यांनी याच ग्रंथाचं नाव अभिमानानं घेतलं. तो अभिमान खरा ठरतो तो, ज्याला टेकून ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली असं मानतात त्या नेवाशाच्या पैस खांबापासून थोड्या अंतरावरच्या कोपीतल्या मुलीशी आपण कसे वागतो त्यावर. एकदा आपल्याला जे दार उघडून मिळालं, ते दुसऱ्यासाठी बंद ठेवण्याचा अधिकार मराठीला नाही.

घरी दुसरी भाषा बोलणाऱ्यांनी मराठीला काय दिलं आहे, तेही विसरू नये. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. कैकाडी समाजातल्या लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० साली आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकानं मराठी गद्याला नवा प्रदेश दाखवला, कारण लिहिणाऱ्याकडे दोन भाषांचं जग होतं. दुसऱ्या भाषेतून आलेला माणूस मराठीची वजाबाकी करत नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. ते टाळून पुढे जाता येणार नाही, कारण त्यांतले बरेचसे प्रामाणिक शिक्षकांचे आहेत.

पहिला आक्षेप: एका वर्गात तीन-चार भाषा, आणि शिक्षकाला त्यांतली एकही येत नाही, मग त्यानं काय करायचं? ही अडचण खरी आहे. पण शिक्षकानं पारधी किंवा गोरबोलीत धडा शिकवावा, अशी अपेक्षाच नाही. त्यानं त्या भाषेला वर्गात बसायला जागा द्यायची आहे. मुलं आपसांत त्यांच्या भाषेत बोलली तर ‘मराठीत बोल’ असं दटावणं थांबवायला कुठलंही प्रशिक्षण लागत नाही.

दुसरा आक्षेप: या भाषा कुठे आहेत, या तर बोली, यांना लिपी नाही. लिपी हा भाषेचा जन्मदाखला नव्हे. मराठीच शेकडो वर्षं मोडीत लिहिली गेली आणि देवनागरीतही. भाषा तीच राहिली. देवनागरीत कुठलीही बोली लिहिता येते. ओडिशानं २००७ मध्ये संताळी, साओरा, कुई, कोया अशा दहा आदिवासी भाषांत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. तिथे लिपीचा वाद घालत न बसता ओडिया लिपीत पुस्तकं केली आणि त्या समाजातल्या तरुणांना शिक्षक म्हणून उभं केलं. गणेश देवी यांच्या पुढाकारानं झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला. त्यात भटक्या-विमुक्तांच्या आणि आदिवासींच्या कितीतरी भाषा शब्दांसह, गाण्यांसह नोंदवल्या आहेत. म्हणजे सामग्री नाही, हेही खरं नाही. ती शाळेपर्यंत पोचलेली नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो पालकांचा आहे. पारधी बाप म्हणतो, ‘गुरुजी, आमची भाषा त्याला घरी येतीच की. तुम्ही त्याला मराठी शिकवा, विंग्रजी शिकवा. आमच्यासारखं होऊ नये.’ या वाक्यामागे काय आहे, ते समजून घ्यायला हवं. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी ज्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, त्यांत पारधी होते. तो शिक्का कायद्यातून जायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडलं. माणसांच्या नजरेतून तो अजून गेलेला नाही. बाजारात, एसटीत, पोलीस ठाण्यात त्यांनी आपली भाषा बोलली की भोवतालची नजर बदलते. मग आई पोराला शिकवते, चार लोकांत आपलं बोलू नको. तेच मूल शाळेत येतं आणि तोंड मिटून बसतं. आपण त्याला ‘मंद’ म्हणतो, ‘अबोल’ म्हणतो. ते गप्प असतं, कारण गप्प राहण्यात सुरक्षितता आहे हे त्याला फार लवकर शिकवलं गेलेलं असतं.

म्हणून त्या बापाला उत्तर असं द्यायला हवं: त्याला मराठी शिकवायचीच आहे, चांगली, खणखणीत, वकिलाशी आणि तहसीलदाराशी बोलता येईल अशी. पण त्यासाठी त्याचं तोंड आधी उघडलं पाहिजे, आणि ते त्याच्याच भाषेत उघडेल. घरची भाषा हे मराठीचं आणि मराठीतून इंग्रजीचं दार आहे. अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा इथे मतीन भोसले यांनी फासेपारधी मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ नावाची आश्रमशाळा उभी केली. त्या समाजातलाच माणूस शिक्षक म्हणून समोर उभा राहिला की मुलाला काय वाटत असेल, याची कल्पना करावी. आपल्या भाषेत हाक मारणारा माणूस शाळेत आहे, एवढी एक गोष्टही मुलाला दाराच्या आत आणायला पुरते.

ही वाट आपल्याकडे पूर्वीही चालून दाखवलेली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम केलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच मुलांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्दच त्या कामातून देशभर गेला. जागेच्या बाबतीत त्यांनी जे केलं, ते भाषेच्या बाबतीत करणं आता आपल्याकडे आहे. शाळा अंगणात पोचली. ती अजून अंगणातल्या बोलण्यापर्यंत पोचायची आहे.

मग वर्गात करायचं काय? मी जे करून पाहिलं आणि सहकाऱ्यांना करताना पाहिलं, तेच सांगतो. यातल्या कशालाही निधी लागत नाही.

पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला विचारावं: घरी आईशी कुठल्या भाषेत बोलतोस, आजीशी कुठल्या? उत्तर वहीत लिहून ठेवावं. मग वर्गातल्या पंधरा-वीस वस्तूंची नावं मुलांकडून त्यांच्या भाषेत घ्यावीत आणि देवनागरीत लिहून भिंतीवर मराठी शब्दाशेजारी लावावीत: भाकरी, बाटी. आई, याडी. मी हा तक्ता लावला त्या दिवशी मराठी मुलंही त्याच्यापुढे जमली आणि ‘बाटी, बाटी’ असं घोकू लागली. त्यांना शिकवत होती ती मुलगी, जी दोन आठवडे वर्गात आपणहून कुणाशी बोलली नव्हती. उच्चार चुकला की ती डोकं हलवायची आणि पुन्हा म्हणायला लावायची. वर्गात त्या तासाला शिक्षक ती होती.

पुढची पायरी गोष्टीची. मुलानं आपल्या भाषेत सांगावं: काल कोपीवर काय झालं, बैल कसा सुटला, विहिरीत पोरं कशी उडी मारतात. मोठ्या वर्गातला भाऊ-बहीण अर्थ सांगतो. शिक्षक ते तीन-चार वाक्यांत फळ्यावर लिहितो, आधी मुलाच्या भाषेत, खाली मराठीत. हा त्या मुलाचा पहिला धडा. मूल तो अडखळत का होईना, पण समजून वाचतं, कारण त्यात काय लिहिलं आहे हे त्याला आधीच ठाऊक असतं. परिपाठात आठवड्यातून एकदा तांड्यावरचं गाणं यावं, अकोल्याच्या शाळेत ठाकरांचं यावं. गटात काम करताना मुलांना हव्या त्या भाषेत चर्चा करू द्यावी, उत्तर मराठीत मागावं. पहिल्या दोन वर्षांत उच्चाराची चूक काढू नये. मुलानं सांगितलेलं वाक्य आपण बरोबर करून, मान डोलावत पुन्हा म्हणावं, इतकंच. गणितात ‘प्रत्येकी’सारखे शब्द आधी वस्तू वाटून दाखवावेत, मग लिहावेत.

आणि घरच्या भाषेत काय साठवलेलं आहे, याचा आदर असावा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. देशी वाणांची त्यांची बियाणे बँक आज देशाला ठाऊक आहे आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कुठलं भात कधी पेरायचं, कुठल्या वालाचं बी कसं राखायचं, हे ज्ञान त्यांच्यापर्यंत पुस्तकातून आलं नाही. घरच्या बोलण्यातून आलं. अशी आजी जिल्ह्याच्या कितीतरी वाड्यांवर आहे. परिसर अभ्यासाच्या तासाला तिला वर्गात बोलवावं. नातवंडाला त्या दिवशी कळेल की आपल्या घरात बोललं जातं तेही ज्ञानच असतं.

पण सगळं शिक्षकाच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही. शिक्षकाची बदली होते आणि भिंतीवरचे तक्ते त्याच्याबरोबर जातात. घटनेच्या ३५० क या कलमानं १९५६ पासून राज्यांवर ही जबाबदारी टाकली आहे की भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या सोयी द्याव्यात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं २९ वं कलम शक्य तिथवर मातृभाषेचं माध्यम सांगतं. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरतं. कायद्याची उणीव नाही. उणीव आहे ती जिल्ह्याच्या पातळीवर ठरवून करायच्या कामाची.

ती कामं मोजकी आहेत. संगमनेरची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था गोरबोली, पारधी, ठाकरी आणि दखनीसाठी प्रत्येकी दोन-तीनशे शब्दांच्या आणि नेहमीच्या वाक्यांच्या पुस्तिका करू शकते. त्या त्या समाजातल्या शिकलेल्या तरुणांना मानधन देऊन सोबत घेतलं, तर एका वर्षाचं हे काम आहे. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते याच नगरमध्ये, मिस फरार यांच्याकडे. शिक्षकाला शिकवायला शिकवावं लागतं, हे या शहराला फार आधीपासून माहीत आहे. बालभारतीनं पहिलीच्या मुलांसाठी मराठी शब्दाशेजारी इंग्रजी शब्द देणारी द्विभाषिक पुस्तकं काढली. दोन भाषा एका पानावर नांदू शकतात, हे म्हणजे आपण मान्य केलेलंच आहे. इंग्रजीसाठी जी जागा पानावर झाली, ती गोरबोलीसाठी एका पुरवणी पुस्तिकेत का होऊ नये? अंगणवाडी सेविका आणि मदतनीस नेमताना वस्तीची भाषा येणाऱ्या बाईला प्राधान्य द्यावं. तीन ते सहा या वयात भाषेचा पूल बांधणं सर्वांत सोपं असतं. आणि हंगामात स्थलांतर करणाऱ्या मुलांना जे शिक्षण हमी कार्ड दिलं जातं, त्यावर एक ओळ वाढवावी: घरची भाषा कोणती, मराठी किती समजते. बीडच्या शिक्षकानं लिहिलेली ती एक ओळ नेवाशाच्या शिक्षकाचे दोन महिने वाचवील.

काही लोक म्हणतील, इंग्रजी माध्यमाच्या लाटेत मराठी शाळाच टिकत नाहीत, तिथे या चार-दोन भाषांचं काय घेऊन बसलात. मी म्हणतो, मराठी शाळा टिकवायची वाट इथूनच जाते. अनेक वाड्या-वस्त्यांवर जिल्हा परिषदेच्या पटावर आज उरली आहेत ती याच घरांतली मुलं. ज्यांना परवडतं त्यांची मुलं पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत गेली. मराठी शाळेवर भरवसा ठेवून जे उरले आहेत, ते गोरमाटी, पारधी, ठाकर, वडार आहेत. त्यांच्या मुलांना मराठी अशी शिकवावी की ती त्यांना आपली वाटेल. मराठीचे पुढचे लेखक, पुढचे शिक्षक याच बाकांवर बसले आहेत. आणि इंग्रजी शाळेत गेलेल्या मराठी मुलाचं दुःखही वेगळं नाही. तेही ‘ब्रेड’ वाचतं आणि अर्थ विचारला की गप्प होतं. त्याच्या गप्प होण्यानं आपल्याला कळवळा येतो. तोच कळवळा ‘भाकरी’ वाचून गप्प झालेल्या मुलीसाठी यायला हवा.

मार्चच्या शेवटी कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला. कोप्या मोडल्या, गाड्या भरल्या. ती मुलगी जायच्या आदल्या दिवशी शाळेत आली होती. तोवर तिला मराठीत बरंच बोलता येत होतं. फळ्यावर लिहिलेलं वाक्य ती वाचायची आणि वाचून हसायची, म्हणजे अर्थ पोचत होता. ती गेल्यावर मी तिच्या नोंदीचा कागद पुढच्या शाळेसाठी भरायला घेतला. नाव, जन्मतारीख, इयत्ता. मातृभाषेच्या रकान्यात नोव्हेंबरमध्ये मीच, तिला न विचारता, ‘मराठी’ लिहिलं होतं. ते खोडलं आणि ‘गोरबोली’ लिहिलं. त्याच्यापुढे कंसात लिहिलं: मराठी चांगली समजते, बोलते.

या दोन्ही ओळी एकाच मुलीबद्दल होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या. जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत तो रकाना मुलाला विचारून भरला जावा. उद्या सकाळी हजेरी घेतानाही विचारता येईल: बाळा, तुझ्या घरी आईला काय म्हणतात?